कृत्रिम डोळ्याचा रंग

बंगळूर शहराच्या दक्षिणेकडील बसवनगुडी ही वस्ती ज्या नंदीच्या नावाने ओळखली जाते, तो नंदी एका अखंड शिळेतून कोरलेला आहे. त्याची उंची सुमारे साडेचार मीटर आहे आणि लांबी सहा मीटरांच्या घरात जाते. बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकात, हे देवालय उभे राहिले असे परंपरा सांगते. त्यानंतर शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, विजापूरकरांनी बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हा हा नंदी मराठी माणसालाही अगदीच परका नव्हे. त्याच्याविषयी एक गोड आख्यायिका आहे. भुईमुगाच्या शेतात एक बैल रोज येऊन शेंगा फस्त करी. चिडलेल्या शेतकऱ्याने त्याला सोटा हाणला, तोच तो बैल जागच्या जागी दगडाचा झाला. पण दगड झाला तरी त्याचे वाढणे थांबेना. अखेर शंकराची करुणा भाकून त्याच्या मस्तकी त्रिशूळ बसवला, तेव्हा कोठे तो आवरला. कार्तिकातल्या अखेरच्या सोमवारी त्या परिसरात आजही भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते.

आख्यायिकेतला नंदी वाढत होता. प्रत्यक्षातल्या नंदीचा मात्र रंग बदलला आहे. मूळचा दगड करड्या रंगाचा. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी त्यावर तेल आणि कोळशाची पूड चोळली आणि तो आज जो तुकतुकीत काळा दिसतो तसा झाला. चारशे वर्षे दगड टिकला, रंग टिकला नाही. पदार्थाचे आयुष्य एक आणि त्याच्या रंगाचे आयुष्य दुसरे, ही गोष्ट इतकी साधी आहे की एरवी तिचा उच्चार करण्याचेही कारण पडू नये. नंदी करड्याचा काळा झाला म्हणून कोणाचे काही अडले नाही. उलट तो अधिकच शोभला. परंतु माणसाने घडवलेली एक वस्तू अशी आहे की जिच्या बाबतीत रंग गेला म्हणजे सर्वच गेले. ती वस्तू म्हणजे कृत्रिम डोळा.

कृत्रिम पायाने चालता येते, कृत्रिम दातांनी भाकरी चावता येते. कृत्रिम डोळ्याने दिसत मात्र नाही. तो लावणाराच्या उपयोगाचा नसून पाहणाराच्या समाधानाचा आहे, असे कोणी म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. कारण पाहणारा कसा पाहतो यावरच लावणाराचे अर्धे आयुष्य अवलंबून असते. आपल्या भाषेने या बाबतीत दयामाया दाखवलेली नाही. ‘काणा’ हा शब्द नुसते वर्णन करणारा कधीच नव्हता. त्यात शिवी होती, अपशकुन होता, आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाचा प्रश्न होता. शेजारी जिवंत डोळा आहे आणि त्याला जोड म्हणून हा दुसरा बसवायचा आहे. दोन बोटांच्या अंतरावर तुलनेसाठी अस्सल नमुना सदैव हजर! चित्रकाराला अशी कठोर परीक्षा सहसा द्यावी लागत नाही. आणि ही परीक्षा एक दिवसाची नव्हे. डोळा बसवला त्या दिवशी रंग जुळला, पाच वर्षांनी जुळला नाही, तर झाकलेले सारे पुन्हा उघडे पडते.

आपल्याकडे एक डोळा गमावलेली माणसे पूर्वी जितकी दिसत तितकी आज दिसत नाहीत, याचे मोठे श्रेय देवीच्या लसीला आहे. देवीचा फोड बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर उठला म्हणजे तेथे व्रण पडे, कधी नुसते फूल राही, कधी डोळा फुटून बसून जाई. पंजाबच्या रणजितसिंहाचा डावा डोळा लहानपणी असाच गेला. पण तो महाराजा होता, त्याच्या एका डोळ्याचाही दरारा होता. सामान्य माणसाला तो आधार कोठला? हिंदुस्थानात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, आणि देशातला हा रोग निपटला गेला तो १९७५ मध्ये. मधल्या पावणेदोनशे वर्षांत गावोगावच्या शीतळादेवीपुढे चांदीचे डोळे वाहण्याचा नवस चालूच होता. पोराचे डोळे वाचले तर तुला डोळे वाहीन, असे म्हणणाऱ्या आयांनी सोनाराकडून घडवून आणलेले ते पातळ पत्र्याचे डोळे होत. देवीची साथ गेली तरी काट्याने, विटीने, फटाक्याने, कारखान्यातल्या उडत्या कणाने जाणारे डोळे जातच आहेत.

देवाच्या मूर्तीला डोळे बसवण्याची कला आपल्याकडे फार जुनी. मूर्ती घडवून पूर्ण झाली तरी नेत्रोन्मीलनाचा विधी होईपर्यंत ती दगडच. श्वेतांबर जैन मंदिरांतल्या संगमरवरी मूर्तींना काचेचे, स्फटिकाचे किंवा मिन्याचे डोळे बसवतात. अंधाऱ्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात ते चमकतात ते पाहणाराच्या मनावर ठसते. गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत जाणत्या हाताकडून होते. मात्र गणपतीचा रंग दहा दिवस टिकला तरी पुरे. देवाच्या डोळ्याला अश्रूंची बाधा नाही, पापण्यांची उघडझाप नाही. माणसाच्या खोबणीत बसणारा डोळा दिवसरात्र ओला असतो. पापणी दर मिनिटाला कितीतरी वेळा त्यावरून फिरते. वरून ऊन, धूळ, चुलीचा धूर. ज्या रंगाने एवढे सोसायचे तो नुसता सुंदर असून भागत नाही.

प्राचीनांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला होता. ईजिप्तमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या पुतळ्यांना जे डोळे आहेत, त्यांत तांब्याची कड, आत पांढऱ्या मॅग्नेसाइटचा दगड आणि बुबुळाच्या जागी घासून गुळगुळीत केलेले स्फटिक अशी रचना आढळते. बुबुळाचा रंग स्फटिकाच्या मागच्या बाजूस लावलेला असे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या सुप्रसिद्ध बैठ्या लेखकाचा डोळा असाच आहे, आणि त्यातल्या पांढऱ्या दगडाच्या नैसर्गिक तांबड्या रेषा रक्तवाहिन्यांसारख्या दिसतात. १८७१ मध्ये मैदूम येथे राहोतेप आणि नोफ्रेत या दांपत्याच्या पुतळ्यांची कबर उघडली, तेव्हा मशालीच्या उजेडात ते डोळे लकाकलेले पाहून आत शिरलेला मजूर घाबरून मागे पळाला, अशी हकिकत आहे. रंग पारदर्शक पदार्थाच्या मागे ठेवावा म्हणजे तो सुरक्षितही राहतो आणि खोलही दिसतो, ही युक्ती त्या कारागिरांना साधली होती. आजचा डोळा घडवणाराही हेच करतो.

ते पुतळे होते. जिवंत माणसाने वापरलेला जो सर्वांत प्राचीन डोळा ज्ञात आहे, तो आपल्या अधिक जवळचा आहे. इराणच्या पूर्व सरहद्दीवर, सीस्तान प्रांतात, शहर-ए-सोख्ता म्हणजे ‘जळके नगर’ नावाचे उत्खननस्थळ आहे. सिंधुसंस्कृतीशी त्या नगराचे दळणवळण होते. तेथे २००६ मध्ये एका स्त्रीच्या कवटीच्या खोबणीत अर्धगोलाकार कृत्रिम डोळा सापडला. काळ इसवी सनापूर्वी सुमारे २९००. तो डांबरासारख्या हलक्या द्रव्याचा असावा असे संशोधकांचे मत आहे. त्यावर सोन्याचा पातळ मुलामा होता आणि केसासारख्या सोन्याच्या तारांनी शिरा दाखवल्या होत्या. त्या स्त्रीने खऱ्या डोळ्याचे अनुकरण करण्याचा खटाटोप केलाच नाही. तिचा डोळा सोन्याचा होता आणि तो तसा दिसावा हीच तिची इच्छा असावी. न उडणाऱ्या रंगाचा शोध तेथेच संपला असता. परंतु पुढच्या जगाला सोन्याचा डोळा नको होता, माणसाचा हवा होता.

सोळाव्या शतकात फ्रान्सचा शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे याने सोन्याचांदीच्या वाटीवर रंगीत मिना चढवून केलेल्या डोळ्यांचे वर्णन केले आहे. मिना म्हणजे धातूवर वितळवलेली काच. जयपूरच्या दागिन्यांवर दिसते तीच करामत. पुढे व्हेनिसच्या आणि नंतर पॅरिसच्या कारागिरांनी धातू सोडून निव्वळ काचेचे, मिन्याचे डोळे बनवण्यास आरंभ केला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील ओग्यूस्त ब्वासोनो याचे नाव या धंद्यात गाजले. हे डोळे दिसायला देखणे, किमतीला भारी आणि आयुष्याने अल्प असत. काचेत शिसे असले म्हणजे ती लवकर वितळते आणि तिला पाणीदार चकाकी येते. परंतु अश्रूंच्या खारट पाण्यापुढे तिचा पृष्ठभाग तग धरीत नाही. तो खरखरीत होतो, पापणीला आतून बोचतो. आतले बुबुळ पहिल्या दिवसाइतकेच टवटवीत आणि वरचे अंग मात्र खरवडलेले, अशी विचित्र अवस्था होई. काचेच्या डोळ्याचा सारा इतिहास या एका व्यंगाभोवती फिरतो.

त्यावर उपाय निघाला तो जर्मनीतल्या लाउशा या थुरिंगियाच्या डोंगरातल्या गावी. तेथे घरोघर काच फुंकण्याचा धंदा होता. बाहुल्यांचे डोळे करण्यात लुडविग म्युलर-उरी हा कारागीर निष्णात होता. व्युर्झबुर्गच्या हाइन्‌रिख आडेलमान या वैद्यक-प्राध्यापकाने त्याला माणसांचे डोळे करण्याची प्रेरणा दिली, आणि १८३५ मध्ये त्याने ते करून दाखवले. आरंभी त्याच्या काचेलाही तोच दोष होता. हाडांच्या राखेने पांढरी केलेली ती काच काही महिन्यांत खरबरीत होई. १८६८ च्या सुमारास क्रायोलाइट हे खनिज काचेत मिसळण्याचा प्रयोग यशस्वी झाला. ते तेव्हा ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरून येत असे. त्याने काचेला जी दुधी, किंचित करडी पांढरी छटा येते, ती डोळ्याच्या पांढऱ्या भागाशी नेमकी जुळते. शिवाय ही काच अश्रूंना अधिक काळ दाद देत नाही. एका द्रव्याने रंग आणि टिकाऊपणा हे दोन्ही साधले. असा योग धंद्यांच्या इतिहासात क्वचित येतो, आणि लाउशाच्या कारागिरांनी पुढे पाऊणशे वर्षे त्या जोरावर जगाची बाजारपेठ ताब्यात ठेवली.

ही काच रंगवीत कशी? खरे म्हणजे ती रंगवीत नसतच. पांढऱ्या काचेच्या नळीचे टोक ज्योतीवर तापवून त्याचा गोळा फुंकायचा. त्याच्या टोकाशी रंगीत काचेच्या कांड्या वितळवून बुबुळाचा ठिपका बसवायचा. त्यावर निराळ्या छटांच्या बारीक कांड्यांनी बुबुळातल्या रेषा ओढायच्या. मध्ये बाहुलीचा काळा टिपका. वरून स्वच्छ काचेचा थेंब. आणि तांबड्या काचेच्या सुताने शिरा. अखेर त्या गोळ्याची हवी तेवढी वाटी कापून घ्यायची. कोबाल्टने निळी, लोहाने हिरवट-पिवळी, मँगनीजने जांभळी ते काळसर, अशा धातूंच्या भस्मांनी या कांड्या रंगलेल्या असत. येथे रंग काचेवर बसलेला नसतो, काचेत विरघळलेला असतो. तो उडायचा तर काचच उडाली पाहिजे. स्वच्छ दिसण्यासाठी मँगनीज घातलेली जुनी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली तर फिकी जांभळी होते, हा एक अपवाद सांगितला जातो. परंतु एखाद-दोन वर्षांत बदलावयाच्या डोळ्याला तेवढे ऊन मिळतेच कोठे!

कारण क्रायोलाइटच्या काचेलाही अमरत्व नव्हते. एक-दोन वर्षांनी तिची झिलई जाई आणि नवा डोळा घ्यावा लागे. थंडीवाऱ्यात तापमान एकदम बदलले तर पोकळ डोळा खोबणीतच तडकल्याची उदाहरणे आहेत. १८९८ मध्ये हॉलंडचे नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांच्या सूचनेवरून दुहेरी भिंतीचा, गोलसर कडांचा डोळा करण्यात आला. तो खोबण अधिक भरून काढी, परंतु जिन्नस काचच.

याच सुमारास बंगळुरात आजची बसवनगुडी आकार घेत होती. पुण्याने १८९७ मध्ये जो प्लेग पाहिला तो पुढच्याच वर्षी बंगळुरास पोचला. जुन्या पेठांतली दाटी मोडण्यासाठी रुंद रस्त्यांच्या ज्या नव्या वसाहती आखल्या गेल्या, त्यांत उत्तरेस मल्लेश्वरम् आणि दक्षिणेस बसवनगुडी या दोन प्रमुख होत. नंदीच्या देवळाचा रस्ता हा त्या वसाहतीचा कणा झाला. पुढे याच रस्त्यावर डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये नामदार गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक कार्याची संस्था काढली, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी ठाऊक नाही. बसवनगुडीहून फार दूर नाही अशा ठिकाणी मिंटो नेत्ररुग्णालय आहे. १८९६ मध्ये लहानशा दवाखान्याच्या रूपाने त्याचा आरंभ झाला आणि १९१३ मध्ये त्याला आजची भव्य इमारत मिळाली. मुंबईत सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचे नेत्ररुग्णालय त्याआधी, १८६६ मध्येच, उभे राहिले होते. शस्त्रक्रिया येथे होऊ लागल्या. गेलेला डोळा काढून चांगला डोळा वाचवणे शक्य झाले. रिकाम्या खोबणीत बसवायचा डोळा मात्र सातासमुद्रापलीकडून येई. मोठ्या शहरांतल्या चष्म्याच्या दुकानांत खणांच्या पेटीत ओळीने मांडलेले तयार डोळे असत, आणि त्यांतून जुळेल तो निवडायचा. ते घडवणाराच्या डोळ्यांसमोर युरोपीय चेहरा होता, या गोष्टीकडे पुढे यावयाचे आहे.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले आणि जर्मनीहून येणारे डोळे बंद झाले. फुटलेल्या डोळ्यांची संख्या वाढत असताना डोळ्यांचा पुरवठा तुटावा, हा दैवदुर्विलास दोस्त राष्ट्रांच्या लष्करी रुग्णालयांना चांगलाच जाणवला. मार्ग काढला तो नेत्रवैद्यांनी नव्हे, काचकामगारांनी नव्हे, तर दंतवैद्यांनी. कवळी बनवण्यासाठी ॲक्रिलिक या नव्या प्लॅस्टिकचा उपयोग त्यांच्यात नुकताच रुळला होता. हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवण्याचा, तोंडाच्या ओलाव्यात तो टिकवण्याचा आणि माप घेऊन साचा काढण्याचा सराव त्यांना होता. अमेरिकी सैन्यातील स्टॅन्ली अर्फ, मिल्टन विर्ट्‌झ आणि व्हिक्टर डिएट्‌झ या दंतवैद्यांनी आरंभी वेगवेगळे आणि पुढे एकत्र काम करून युद्धाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिकचा डोळा सिद्ध केला. हजारो सैनिकांना तो बसवण्यात आला, आणि काचेचे शतकभराचे राज्य जर्मनीबाहेर बहुतेक संपुष्टात आले.

याच ॲक्रिलिकची एक शाखा विमानांत होती. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत त्याचेच. बंगळुरात १९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी निघाली, आणि युद्धकाळात अमेरिकी विमाने तेथे दुरुस्तीस येऊ लागली, तेव्हा त्या विमानांबरोबर हे काचेसारखे दिसणारे पण काच नसलेले द्रव्य या शहराच्याही परिचयाचे झाले असले पाहिजे. लंडनचे नेत्रवैद्य हॅरोल्ड रिडली यांनी वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले छताचे तुकडे तेथे निमूटपणे, दाह न करता राहतात हे पाहिले. त्यावरून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ॲक्रिलिकचे भिंग बसवले. डोळ्याने ज्याला परका मानले नाही, असे ते द्रव्य ठरले.

ॲक्रिलिकचा डोळा फुटत नाही, हा त्याचा पहिला गुण. दुसरा असा की पृष्ठभाग खरबरीत झाला तर तो पुन्हा घासून झिलई आणता येते. वर्षातून एकदा एवढे केले तर एक डोळा पाच वर्षे आणि कित्येकदा त्याहून अधिक चालतो. म्हणजे काचेचे व्यंग नाहीसे झाले. पण व्यंग नाहीसे झाले म्हणावे तर ते दुसऱ्या बाजूने परत आले! काचेत रंग टिकाऊ आणि अंग नाशवंत होते. प्लॅस्टिकात अंग नवे करता येते, रंग मात्र नाशवंत झाला. कारण येथे रंग द्रव्यात विरघळलेला नाही. एका लहान काळ्या चकतीवर कुंचल्याने तो चढवला जातो, वर पारदर्शक थर येतो आणि सारे साच्यात दाबून उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर घट्ट केले जाते. या उष्णतेतच काही रंग पालटतात. जे वाचतात त्यांच्यावर पुढे सूर्यप्रकाशातले अतिनील किरण वर्षानुवर्षे पडत राहतात.

येथे रंगद्रव्यांचा जुना इतिहास उपयोगी पडला. चित्रकारांना शतकानुशतके ठाऊक होते की लाख, मंजिष्ठ, किरमिज अशा वनस्पती-कीटकांपासूनच्या तांबड्या छटा उन्हात विटतात, आणि गेरू, पिवडी, तपकिरी माती यांसारखे भूमिज रंग विटत नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवर जे तांबडे-पिवळे आजवर राहिले आहे, ते बहुतांशी मातीचेच. मातीच्या या रंगांचे मूळ लोहात असते. लोह एकदा गंजून चुकले म्हणजे त्याला आणखी गंजण्याचे भय उरत नाही. आता योग असा की आपल्या देशातल्या बहुसंख्य माणसांचे बुबुळ तपकिरी, आणि तपकिरी रंग तर याच मातीतून निघतो. युरोपात डोळे घडवणाराची खरी कसोटी निळ्या बुबुळावर लागते. जिवंत निळ्या डोळ्यात निळे द्रव्य मुळी नसतेच. आकाशाप्रमाणे तोही प्रकाशाच्या विखुरण्याचा खेळ आहे, आणि तो खेळ रंगाच्या लेपाने वठवायचा म्हणजे नक्कल नेहमीच थोडी थिजलेली दिसते. कोकणातल्या घाऱ्या डोळ्यांची अडचण याच जातीची. घाऱ्या बुबुळात तपकिरी, हिरवट आणि करडा असे तीन रंग उजेडाप्रमाणे वरखाली होतात. तयार डोळ्यांच्या पेटीत त्याला जोड सापडणे कठीणच.

तेव्हा हिंदी डोळ्याचे संकट बुबुळात नाही. ते पांढऱ्या भागात आहे. प्रथमतः आपला पांढरा भाग पांढरा नसतोच. सावळ्या वर्णाच्या माणसांत बुबुळाच्या आसपास पिंगट झाक असते, कोपऱ्यांकडे किंचित पिवळट, आणि उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यांत ती अधिक गडद होते. युरोपीय नमुन्यावरून केलेला चिनी मातीसारखा शुभ्र डोळा अशा चेहऱ्यावर बसवला की तो दुरूनच ओळखू येतो. बुबुळ कितीही तंतोतंत जुळो. दुसरे म्हणजे हा पांढरेपणा काळाबरोबर बदलतो. शुभ्रतेसाठी घातलेले टिटॅनियमचे भस्म अढळ आहे, परंतु ज्या प्लॅस्टिकात ते घातले ते पिवळे पडते. ॲक्रिलिक घट्ट करण्याच्या दोन रीती आहेत: एक उष्णतेची, वेळखाऊ, दुसरी थंड, झटपट. थंड रीतीत जे अमाइन नावाचे द्रव्य क्रिया घडवून आणते, तेच मागे उरून पुढे पिवळेपणा आणते. घाईत केलेला डोळा स्वस्तही पडतो आणि लवकर म्हाताराही होतो. शिरांसाठी रेयॉनचे अगदी बारीक तांबडे तंतू चिकटवतात. त्यांचा रंग कच्चा असेल तर तो विटून शिरा नाहीशा होतात आणि डोळा निर्जीव दिसू लागतो.

मनुष्यच काही वेळा नासधूस करतो. डोळा स्वच्छ राहावा म्हणून स्पिरिटने पुसणारे, उकळत्या पाण्यात टाकणारे पुष्कळ. स्पिरिटने ॲक्रिलिकवर केसासारख्या असंख्य भेगा पडतात. आतला रंग शाबूत असूनही तो धुक्यातून पाहिल्यासारखा दिसतो. कोमट पाणी आणि साधा साबण याहून अधिक त्याला काही लागत नाही.

अलीकडे प्रयोगशाळांत या रंगांची परीक्षा होते. अतिनील किरणांच्या दिव्याखाली नमुने शेकडो तास ठेवायचे, मधून मधून वाफेने भिजवायचे आणि रंगात पडलेला फरक यंत्राने मोजायचा. या परीक्षांनी मिळालेले ज्ञान मोलाचे आहे. तरी दिव्याखालचे तास आणि दख्खनच्या पठारावरची उन्हाळी दुपार यांचे गणित सरळ जुळत नाही. बंगळुरातल्या कचेरीत बसणाऱ्या कारकुनाचा डोळा आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी काढणाऱ्याचा डोळा एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघाले तरी त्यांचे वय सारखे वाढणार नाही. शिवाय कारकुनाला झिलईसाठी वर्षाकाठी रुग्णालयात जाणे जमते. रानातल्या माणसाची दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे त्यात जाते. त्यामुळे एकदा बसवलेला डोळा तो दहा-दहा, बारा-बारा वर्षे तसाच वापरतो. रंगाचा टिकाऊपणा हा रसायनाचा प्रश्न म्हणून मांडला जातो; परंतु ज्याला पुन्हा येणे परवडत नाही त्याच्यासाठीच तो खरा प्रश्न आहे, आणि नमुन्यांच्या चकत्या दिव्याखाली ठेवताना त्या माणसाची आठवण ठेवली जातेच असे नाही.

आज आपल्या देशात हे काम करणारे कारागीर मोठ्या नेत्ररुग्णालयांत आहेत आणि दंतमहाविद्यालयांच्या कवळ्या बनवणाऱ्या विभागांतही आहेत. युद्धकाळातला तो योगायोग अशा रीतीने परंपरा होऊन बसला आहे. बंगळुरात शासकीय दंतमहाविद्यालय १९५८ मध्ये निघाले, तेही जुन्या किल्ल्याच्या परिसरात, मिंटो रुग्णालयाच्या शेजारात. गेल्या काही वर्षांत चांगल्या डोळ्याचे छायाचित्र घेऊन बुबुळ कागदावर छापून बसवण्याची रीत आली आहे. ती झटपट आहे आणि हुबेहूबही दिसते. मात्र छपाईची शाई विरघळणाऱ्या रंगाची असेल तर तिचे आयुष्य मातीच्या रंगाशी बरोबरी करू शकत नाही, आणि कागदाच्या कडेतून ओल शिरली तर बुबुळ पसरते. २०२१ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्‌स रुग्णालयात संपूर्ण डोळाच त्रिमिती यंत्रावर छापून बसवण्यात आला. त्या डोळ्याचा रंग दहा वर्षांनी कसा असेल ते दहा वर्षांनीच कळेल.

तोवर कुंचल्याचे काम चालू आहे. जाणता कारागीर बुबुळ रंगवण्यास सकाळची वेळ पसंत करतो आणि रुग्णाला खिडकीपाशी बसवतो. कारण ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तपकिरी रंग अंगणात गेल्यावर वेगळे दिसू शकतात. प्रथम कडेचे गडद वलय, मग मधल्या भागातल्या रेषा, मग बाहुलीभोवतीची फिकट झालर. थर पातळ आणि पुष्कळ. मधून मधून तो मान वर करून समोरच्या डोळ्याकडे पाहतो. रंग सुकला की चकतीवर पाण्याचा एक थेंब ठेवतो. वर पारदर्शक थर आल्यावर बुबुळ किती गडद आणि किती खोल दिसेल, ते त्या थेंबातून आधीच पाहता येते. मग ती चकती चिमट्यात धरून तो रुग्णाच्या चांगल्या डोळ्याशेजारी नेतो, आणि पुन्हा कुंचला उचलतो.